वर कळवलं

प्रशिक्षक बाई खुर्चीवर बसल्या, चपला काढून पाय वर घेतले, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि आठवीतल्या मुलीच्या आवाजात बोलल्या, ‘ताई, क्लासवाले सर लई चांगलेत. पण ते मला सगळ्यांच्या नंतर थांबवतात. मला नाय आवडत ते.’ मग पाय खाली घेऊन, नेहमीच्या आवाजात, ‘ऐकलंत ते लिहा. दोन मिनिटं देते.’

पुण्यातल्या एका महापालिका शाळेचा वर्ग, शनिवारची सकाळ. पोरांच्या बाकांवर बावीस मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. हिंजवडीतल्या कंपन्यांतली मुलंमुली, दोन गृहिणी, कॉलेजातली काही पोरं आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. पुढच्या महिन्यापासून यांतल्या प्रत्येकाला वस्तीतला एकेक मुलगा किंवा मुलगी नेमून दिली जाणार होती. आठवड्यातून दोन तास भेटायचं, अभ्यास बघायचा, पुढे काय शिकायचं ते बोलायचं, कधी नुसत्याच गप्पा. संस्थांच्या कागदांत याला मेंटॉरिंग म्हणतात. वस्तीत ‘माझी ताई’ आणि ‘माझा दादा’. मी वही घेऊन शेवटच्या बाकावर होते.

कागद गोळा झाले आणि बाईंनी एकेक मोठ्यानं वाचला. ‘शिक्षकाकडून मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचा संशय.’ ‘क्लासच्या सरांचे वर्तन अयोग्य.’ ‘मुलगी भेदरलेली वाटली.’ एकाने नुसतंच ‘बॅड टच’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ‘थांबवतात’ हा शब्द बावीसांतल्या चार कागदांवर सापडला. ‘लई चांगलेत’ एकाही नाही.

‘सर चांगलेत असं ती म्हणाली, ते तुम्ही सगळ्यांनी खाल्लंत,’ बाई म्हणाल्या. ‘अत्याचार हा शब्द तिनं उच्चारला नाही, तो तुम्ही घातलात. उद्या हा कागद कोर्टात गेला तर बचावाचा वकील काय करील? मुलीला म्हणेल, हे तू बोललीस का? ती खरंच सांगेल, नाही. झालं, तिथेच खटला खचला.’ मुलानं ‘काका’ म्हटलं तर काकाच लिहायचं. ‘खालची जागा’ म्हटलं तर तेच. तारीख, वेळ, कुठे बसलो होतो, आधी कशाबद्दल बोलत होतो. आणि प्रश्न विचारायचाच तर एकच, ‘मग काय होतं?’ त्यानंतर गप्प बसायचं. ‘सरांनी कुठे हात लावला?’ असं विचारलंत की हात तुम्ही तिच्या तोंडी घातलात.

बँकवाल्या काकांनी हात वर केला. ‘मॅडम, समजा असं काही मुलगी मला बोललीच. मी लगेच कोऑर्डिनेटरना लेखी कळवलं. म्हणजे माझ्या बाजूनं विषय संपला ना?’

‘नाही संपला.’

‘पण मी वर कळवलं ना!’

वर कळवलं. आपल्याकडची सबंध कार्यालयीन संस्कृती या दोन शब्दांवर उभी आहे. फाइल पुट अप केली, साहेबांच्या कानावर घातलं, आवक-जावकचा शिक्का बसला; ओझं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत कायद्यानं हा जिना काढून टाकला आहे, आणि गेली दहाबारा वर्षं आपण तो नाहीच अशा ठिकाणी पाय टाकत राहिलो आहोत. या लेखाचं निमित्त तेवढंच.

हा पॉक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी. त्याचं एकोणिसावं कलम सांगतं, असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, अशा कोणत्याही व्यक्तीनं ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची. कोणत्याही व्यक्तीनं. डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक अशी यादी तिथे नाही. पगारी की मानद, हा प्रश्नही नाही. शनिवारी दोन तास फुकट येणारा दादा त्यात येतो, शाळेबाहेर वडापावची गाडी लावणाराही येतो. न कळवल्यास एकविसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मूल स्वतः बोललं नाही म्हणून त्याला मात्र शिक्षा नाही. आणि सद्भावनेनं दिलेली माहिती पुढे खरी ठरली नाही, तरी देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी बालंट येत नाही. हे शेवटचं फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या वर्गात एकालाही नव्हतं.

म्हणजे शहानिशा करणं हे ताईचं काम नाही. आपल्याला मात्र शहानिशेची भारी हौस. क्लासच्या सरांना बोलावून ‘असं असं कानावर आलंय’ म्हणायचं, मुलीच्या आईला विचारायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं. एवढं होईपर्यंत सरांना सावध व्हायला आठवडा मिळतो आणि मुलीला समजून चुकतं की बोलून उपयोग नसतो.

वर कळवून थांबलं की काय होतं याचा सगळ्यात गाजलेला नमुना आपल्याकडचा नाही, पेनसिल्व्हेनियातला आहे. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांनी १९७७ साली ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली. अडचणीतल्या घरांतल्या मुलांना मोठ्यांचा आधार द्यायचा, खेळ, शिबिरं, सामन्यांची तिकिटं. गावात संस्थेचं नाव मोठं. २००१ च्या फेब्रुवारीत एका तरुण प्रशिक्षकानं सँडस्कींना विद्यापीठाच्या न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडा संचालकांना सांगितलं. प्रकरण तिथून उपाध्यक्षांकडे, अध्यक्षांकडे गेलं. सेकंड माइलच्या प्रमुखांच्या कानावरही काहीएक घातलं गेलं. प्रत्येकानं आपल्या परीनं वर किंवा बाजूला कळवलं. पोलिसांना फोन कुणी केला नाही. पुढे काही वर्षांनी दुसऱ्याच एका शाळकरी मुलाच्या तक्रारीवरून चौकशी सुरू झाली आणि २०११ च्या नोव्हेंबरात अटक. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले. ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांतले बरेचसे मुलगे सेकंड माइलच्या वाटेनंच सँडस्कींपर्यंत पोचले होते.

मला यातलं सगळ्यात बोचणारं वाटतं ते असं, की कर्मचाऱ्यानं संस्थेच्या प्रमुखाला सांगायचं आणि प्रमुखानं सरकारी यंत्रणेला, ही साखळी त्या काळी पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातच होती. ‘वर कळवलं’ला तिथे कायद्याचाच आधार होता. नवा कायदा ३१ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. आता संशय आलेल्यानं स्वतः थेट राज्याच्या हेल्पलाइनला कळवायचं आणि मग साहेबांना. मुलांची जबाबदारी घेणारे विनापगारी स्वयंसेवकही त्यात आले. त्या हेल्पलाइनचं नाव चाइल्डलाइन. आपल्या १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचंही बरीच वर्षं तेच होतं.

आपली चाइल्डलाइन मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं, रस्त्यावरच्या मुलांसाठी. कुलाब्यातल्या अँकरेज निवाऱ्यांचं प्रकरण याच चाइल्डलाइननं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणारे दोन इंग्रज गृहस्थ, एकेकाळी नौदलात काम केलेले. मुंबईच्या सत्र न्यायालयानं २००६ मध्ये दोषी ठरवले, उच्च न्यायालयानं २००८ मध्ये सोडले आणि सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. त्याआधी गोव्यात, मडगावला ‘गुरुकुल’ नावानं अनाथ मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रं सापडली. १९९६ मध्ये जन्मठेप झाली. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यात फोटो धुऊन देणाऱ्या दुकानदारांवरही अशी छायाचित्रं दिसल्यास पोलिसांना कळवण्याची सक्ती घातली गेली. पीट्सची सावली मला त्या कलमात दिसते. मोबाइलच्या जमान्यात आता ते कलम जुन्या कॅमेऱ्यासारखं वाटतं, पण विचार पक्का होता. ज्याच्या हातात पहिल्यांदा कागद येतो, त्यानंच बोलायचं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती संस्थांना ऐकायला आवडत नाही. मुलांपर्यंत पोचण्याचा राजमार्ग म्हणजे चांगुलपणा. केंद्र सरकारनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी त्याआधी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. करणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले. ‘सर लई चांगलेत’ हे वाक्य कागदावर राहायला हवं होतं, ते यासाठीही.

इथे माझंही एक सांगून टाकते. पॉक्सो यायच्या काही वर्षं आधी मी एका संस्थेच्या रविवारच्या वर्गावर जात असे. अकरा वर्षांचा एक मुलगा होता, गणितात हुशार, हट्टी. एकदा वह्या तपासताना तो म्हणाला, ‘ताई, मी दादाबरोबर क्रिकेटला नाही जाणार.’ का, विचारलं. ‘असंच.’ मग खोडरबरानं बाकावरची शाई घासत राहिला, शाई जाईना. मला काहीतरी खटकलं होतं; खोटं कशाला बोलू, बरंच खटकलं होतं. मी संस्थेच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बघतो, घाई नको करायला. मुलगा जरा खोडसाळ आहे.’ मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजही विसरू शकत नाही. दोन महिन्यांनी तो दादा यायचा बंद झाला. कुठे गेला, का गेला, कुणी बोललं नाही. मुलगा त्याच्याही आधी बंद झाला होता. मी पुढे वर्षभर शिकवत राहिले, आणि वार्षिक अहवालात माझा फोटोही छापून आला.

तेव्हा कायदा नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण कायदा आल्यावर काय चित्र आहे? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्याच्या निमित्तानं बजावलं होतं की शाळा, वसतिगृहं, बालगृहं, रुग्णालयं यांच्या प्रमुखांनी अशी माहिती दडवायची नाही. तरी राजुऱ्याचं प्रकरण आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कळलं होतं आणि त्यांनी पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप. नागपूर खंडपीठानं डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. माहीत असून गप्प राहणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, त्याला असं दाराशीच सोडून देता येणार नाही, या अर्थाचं सुनावलं.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४, बालवर्गातल्या दोन चिमुरड्या, शाळेतला सफाई कर्मचारी. संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांवर माहिती न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. पण कळवायला गेलेल्या पालकांनाच पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं, गुन्हा नोंदला गेला १६ तारखेला रात्री, आणि २० तारखेला संतापलेली माणसं रुळांवर उतरली. एकविसावं कलम न कळवणाऱ्याइतकंच, कळवलेलं नोंदवून न घेणाऱ्यालाही लागू आहे. प्रशिक्षणांत हे सांगायला विसरतात.

जेवणाच्या सुट्टीत मी संस्थेच्या कोऑर्डिनेटर ताईंशी बोलले. नऊ वर्षं त्या हे काम करताहेत. डबा उघडताना म्हणाल्या, ‘कायदा वाचून दाखवला की सगळे माना डोलावतात. पण स्वयंसेवकाला भीती पोलिसांची नसतेच. त्याला वाटतं, मूल परत माझ्याशी बोलणार नाही.’ आणि ही भीती खोटी नाही. वस्तीतल्या मुलीनं वर्षभर घासाघीस करून टाकलेला विश्वास, तो घेऊन तुम्ही चौकीवर जाता. घर हादरतं. क्लासवाले सर कदाचित मामाचे मित्र निघतात, खोलीचं भाडं त्यांच्या ओळखीवर. बाप म्हणतो, आता हिला गावी पाठवा. शाळा सुटते. ताईंनी एका केसमध्ये मुलीला पुढे आठ महिने पाहिलंच नव्हतं. ‘आठ महिन्यांनी आली. म्हणाली, तू सांगितलंस ना, मला राग आला होता. मग माझ्या डब्यातली चटणी खाल्ली.’ एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला, आणि मीही पुढे विचारलं नाही.

कायद्यानं या भीतीवर काही उतारे ठेवलेले आहेत. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. २०२० च्या नियमांनुसार समिती एक साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते, जी तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहते. त्याच नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या माणसांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची, असंही आहे. कागदावर हे सुरेख आहे. ‘साहाय्यक व्यक्ती मिळाली तर केस तरते,’ ताई म्हणाल्या, ‘पण मिळायला हवी.’

एक गाठ मात्र कायद्यानं स्वतःच मारून ठेवली आहे. अठराच्या आतल्या मुलीची संमती ही संमतीच नाही. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आपल्या प्रेमाबद्दल ताईशी मन मोकळं करू लागली, की ताईपुढे एकोणिसावं कलम उभं. एनफोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा जवळजवळ एक चतुर्थांश प्रकरणं प्रेमसंबंधांची निघाली. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टरांना तिचं नाव न सांगण्याची मोकळीक दिली. मेंटॉरला तशी मोकळीक नाही. विधि आयोगानं २०२३ मध्ये वयाची अट खाली आणू नका, असंच सुचवलं; सोळा ते अठरा या वयातल्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला थोडी मोकळीक द्यावी म्हटलं. शिक्षेत सवलत मिळेल तेव्हा मिळेल, कळवण्याचा प्रश्न जिथल्या तिथे. परिणाम काय, तर अनुभवी ताया एक विचित्र कसब शिकल्या आहेत. मुलगी ‘समज, एखादी मुलगी असेल आणि तिचा...’ असं सुरू करते, आणि ताई पटकन म्हणते, ‘थांब, आधी चहा सांगू का?’ ऐकलं नाही म्हणजे माहीत नाही. ऐकायलाच जिला नेमलं, ती कान झाकायला शिकते. सहा वर्षांच्या मुलासाठी हे कलम अगदी असंच कडक हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सतरा वर्षांच्या मुलीसाठी ते ओबडधोबड आहे.

उलट बाजूही आहे. मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले, तर बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, पण तो पाहणाऱ्या दादावर पॉक्सोसारखी कळवण्याची सक्ती नाही. तिथे १०९८ लावायचा तो स्वतःच्या सदसद्विवेकानं. २०२३ पासून हा नंबर ११२ च्या जाळ्याशी जोडून सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडे गेला आहे. मदतीसाठी तो जरूर लावावा. पॉक्सोच्या कलमात मात्र नाव आहे ते पोलिसांचं.

दुपारच्या सत्रात बाईंनी एकच सराव घेतला. पहिल्या भेटीत मुलाला काय सांगायचं? ‘तू मला काहीही सांगू शकतोस, मी कुणाला सांगणार नाही,’ हे वाक्य जवळपास प्रत्येकाच्या जिभेवर तयार होतं, आणि तेच त्यांनी बाद केलं. न पाळता येणारा शब्द पहिल्याच दिवशी द्यायचा नाही. मग दुसरं काय म्हणायचं? आयटीतल्या एका मुलीनं ‘गोपनीयतेच्या काही मर्यादा आहेत’ असं म्हटलं आणि सगळे हसले. कुणी ‘कायद्यानं मला सांगावं लागेल’ म्हटलं. त्यावर मूल तोंडच उघडणार नाही, असं ठरलं. बँकवाले काका तीनदा उठले. पहिल्यांदा अर्जाची भाषा. दुसऱ्यांदा प्रवचन. तिसऱ्यांदा त्यांनी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाळा, तुझं बहुतेक सगळं माझ्यापाशी राहील. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर ते मी एकटा नाही सांभाळू शकणार. मी दुसऱ्या कुणाची तरी मदत घेणार. घेण्याआधी तुला सांगीन.’

बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं. दिवसभरात फळ्यावर लिहिलेलं तेवढंच.

निघताना प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी मिळाली. आपल्या केंद्राला लागतं ते पोलीस ठाणं कुठलं, तिथला नंबर काय, तिथे मुलांसाठी नेमलेले अधिकारी कोण, हे पुढच्या शनिवारपर्यंत भरून आणायचं. नेटवर बघून नाही, जाऊन.

पुढच्या शनिवारी मीही गेले. बावीसांपैकी नऊ जणांनी चिठ्ठी भरून आणली होती. काकांनी आपला किस्सा सांगितला. ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, ‘काय झालंय?’ काका म्हणाले, ‘अजून काही नाही.’ ‘मग?’ ‘झालं तर कुणाकडे यायचं, ते बघायला आलो.’ हवालदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बसा म्हणाले. पाऊण तास बसवलं. मग आतून एक महिला उपनिरीक्षक बाहेर आल्या, उभ्या उभ्याच त्यांनी चिठ्ठीवर पेन्सिलनं आपला मोबाइल नंबर लिहिला. ठाण्याचा लँडलाइन बंद आहे म्हणाल्या.

काकांनी घरी येऊन तो नंबर शाईनं गिरवला होता.